लाभ

मोंढ्यात अप्पांचा आवाज तीन आडतींपलीकडं जायचा.
ज्वारीच्या राशीत माप बुडवून
पहिल्याला ते कधी एक म्हणाले नाहीत.
लाभ, म्हणायचे. मग दोन. मग तीन.
एक म्हटलं की धान्य रुसतं, म्हणे.

आता उदगीरच्या या दोन खोल्यांत
मोठा आवाज माझा.
"जेवलात का" इतक्यांदा ओरडले
की शेजारची फातिमाबी दारात येऊन म्हणाली,
महानंदा, म्हाताऱ्या माणसाशी असं भांडू नये.
मी भांडत नव्हते.
भात गरम आहे, एवढंच सांगत होते.

सासरे आहेत माझे. नवरा पुण्याला, वॉचमन.
सकाळी विचारतात, तू कुणाची?
तुमची सून.
ऊन? हाव, लई वाढलंय.

मोठ्या दवाखान्यात सांगितलं, विसर वाढत जाणार.
मग सगळंच त्या एका खुंटीला टांगलं आम्ही.
उत्तर दिलं नाही, विसर.
भलतंच बोलले, विसर.
भिंतीकडं तोंड करून दिवस काढला, तोही विसरच.
कानात कुणी डोकावलं नाही.
मी एकदा कानाच्या मशीनच्या दुकानात डोकावले,
एका कानाचे अठ्ठावीस हजार.
दुसऱ्याचा भाव न विचारताच
पायी घरी आले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिबिर होतं,
तिसरीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली.
निखत नावाची पोरगी, नांदेडची.
तिनं आधी मळ काढला, तुरीच्या दाण्याएवढा, काळा.
पंखा गरगरला तसे अप्पा दचकून वर बघायला लागले.
मग काड्यापेटीहून थोडी मोठी डबी,
एक वायर, एक बोंडी, एक पेन्सिल सेल.
"दिसायला जुनाट आहे," ती म्हणाली,
"पण बटण मोठं आहे, आणि हरवली तर सापडते."
पाचशे रुपये, दोन हप्त्यांत.
मग माझ्याकडं वळली.
समोर बसून बोला. तोंड दिसू द्या त्यांना.
एका वेळी एकच गोष्ट.
आणि ताई, आता ओरडू नका.
खाली बसा, असं
दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हटलं मला.

डबी त्यांना रेडिओ वाटायची. बातम्या लाव, म्हणायचे.
एकदा पिठाच्या डब्यात सापडली,
एकदा चपलेत.
गळ्यातलं इष्टलिंग मात्र ते कधी विसरले नव्हते,
म्हणून तसल्याच दोऱ्यात ओवून
डबी करंड्याशेजारी बांधली.
दुसऱ्या दिवशी बघते तर दोघांनाही भस्म लावलेलं.
निखतला फोन केला. ती खूप हसली,
मग म्हणाली, फक्त बारीक भोकं तेवढी पुसून घ्या.

आता हे कुणाला सांगितलं नाही मी.
बहिऱ्या माणसासमोर दोन वर्षं
मोकळं बोलायची सवय लागली होती.
भांडी घासताना म्हणायचे,
कधी होणार सुटका.
मंगळवारी तसंच पुटपुटले.
मागून अप्पा म्हणाले,
"माझी का तुझी?"

पातेलं खाली ठेवलं.
नळ चालूच राहिला.
पाच मिनिटांत ते विसरले,
चहा मागितला, त्यात साखर कमी म्हणाले.
मी अजून तिथंच उभी आहे, नळापाशी.

विसर गेला नाही. कानाचा आणि त्याचा
थोडाच भाग एक होता.
अजून विचारतात, तू कुणाची?
तुमची सून, म्हणते,
घरात बोलतात तेवढ्या आवाजात.
बरं, म्हणतात.
बरं एवढंच. पण उन्हाचं नाही काढत.
किराणाच्या यादीत
तेलाखाली, साबणावर, दोन सेल लिहिते.

संध्याकाळी भाकरी थापायला बसले
की पलीकडच्या खोलीतून, तव्यावर पडेल त्या भाकरीला,
लाभ.
दोन.
तीन.
मग थांबतात. डबी चाचपतात.
"कुठवर आलो गं?"

"लाभ, अप्पा," मी हळूच सांगते,
"आत्ताच तर पहिली पडली."

टोपल्यात पाच झालेल्या असतात.